गोलीला ४.१

२०२३ च्या जानेवारीत मी माझ्या लहानपणच्या मित्राला दहापैकी ४.१ मार्क दिले आणि ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपमध्ये ६४ जण होते. काळ्या बॅकग्राउंडवर प्रत्येकाचं नाव आणि शेजारी रंगीत चौकोनात आकडा, सोफास्कोरवर दिसतो तसा. सातच्या वरचे हिरवे, मधले पिवळे, सहाच्या खालचे लाल. सबंध स्पर्धेत लाल चौकोन चारच होते आणि सगळ्यात तळाचा त्याचा होता.

तो आमचा गोली. कासारवाडीत रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत आम्ही दोघं वाढलो. त्याच्या आईला मी काकू म्हणतो, माझ्या पप्पांना तो काका म्हणतो. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. मग मी इंजिनिअरिंगला गेलो, त्याने आयटीआय केलं. मी हिंजवडीत कोड लिहितो, तो चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. शिफ्टची बस त्याला नाशिक फाट्यावर सोडते. स्पर्धेच्या दुसऱ्या रविवारी तो नाइट शिफ्ट करून बसमधून उतरला आणि थेट टर्फवर आला होता, हे मला माहीत होतं. ज्या प्रोग्रॅमने त्याला ४.१ दिले त्याला ते माहीत नव्हतं. आणि प्रोग्रॅम मीच लिहिला होता.

हे सगळं वर्ल्ड कपमुळे झालं. २०२२ चा कतारचा वर्ल्ड कप १८ डिसेंबरला संपला आणि पुढचे पंधरा दिवस मला काही सुचत नव्हतं. वर्षअखेर होती, ऑफिसात रिलीज बंद होते, क्लाएंट सुट्टीवर. मी एक शीट उघडली आणि त्यात निरनिराळ्या वर्तमानपत्रांनी, चॅनेलांनी आणि वेबसाइटींनी निवडलेल्या ‘बेस्ट इलेव्हन’ भरायला लागलो. एका रकान्यात पेपर, एका रकान्यात सोफास्कोर, एका रकान्यात हूस्कोर्ड. खाली फॉर्म्युला टाकून कोण कितीदा आलाय ते मोजायचं. रिकामटेकडेपणा म्हणा. पण मला त्यात फार मजा आली, कारण तोपर्यंत मी धरून चाललो होतो की रेटिंग म्हणजे रेटिंग. सहा म्हणजे सहा.

तसं नसतं. जर्मनीतलं ‘किकर’ मासिक खेळाडूंना १ ते ६ मार्क देतं आणि त्यात १ सगळ्यात चांगला, ६ म्हणजे बट्ट्याबोळ. कारण जर्मन शाळांमध्ये मार्क तसेच देतात. इटलीचे पेपर दहापैकी देतात आणि तिथे ६ म्हणजे ‘पुरेसं’, कारण त्यांच्या शाळेत ६ ला पास होतात. म्हणजे दर सोमवारी अख्खा देश खेळाडूंच्या हातात प्रगतिपुस्तक ठेवतो. आपल्याकडे ही पद्धत रुजली असती तर ३५ ला काठावर पास आणि खाली ‘पालकांची सही’ आली असती. फ्रान्सचा ‘लेकिप’ दहापैकी देतो, पण दहा जवळपास देतच नाही. कित्येक दशकांत मोजक्याच खेळाडूंना त्यांनी पूर्ण दहा दिलेत.

त्या मोजक्यांत एक नाव ओलेग सालेंको. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये रशियाने कॅमेरूनला ६-१ हरवलं, त्यात पाच गोल या एकट्याचे. वर्ल्ड कपच्या एका मॅचमध्ये पाच गोल त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर कुणी केलेले नाहीत. ‘लेकिप’ने दहा दिले. गंमत पुढे आहे. रशिया पहिल्याच फेरीत बाहेर गेला. तरी सालेंकोचे एकूण सहा गोल झाले होते आणि बल्गेरियाच्या स्टोइचकोव्हबरोबर गोल्डन बूट त्याला विभागून मिळाला. फिफाने त्या स्पर्धेचा जो सर्वोत्तम संघ जाहीर केला, त्यात स्टोइचकोव्ह होता, रोमारिओ होता, बॅजिओ होता. सालेंको नव्हता. दहापैकी दहा आणि अकरात नाही. मी ते वाचलं तेव्हा शीट बंद करून थोडा वेळ मेट्रोच्या खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो. वल्लभनगरचा एसटी डेपो मागे गेला.

माणसांनी दिलेल्या मार्कांत अशी लोच्ये भरपूर. २००२ मध्ये जर्मनीच्या ऑलिव्हर कानला स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, पण मतं फायनलच्या आधी घेतलेली. फायनलमध्ये रिवाल्डोचा साधा फटका त्याच्या हातातून सुटला आणि रोनाल्डोने गोल केला. २००६ ला झिदानचं तेच. पत्रकारांनी मतं देऊन टाकली होती आणि मग त्याने मातेराझीच्या छातीत डोकं हाणलं, लाल कार्ड घेतलं. गोल्डन बॉल मात्र त्याच्याकडेच राहिला. कतारमध्ये क्रोएशियाचा ग्वार्डिओल पाच मॅच भिंतीसारखा उभा होता, सेमीफायनलला मेस्सीने त्याला उजवीकडून फिरवून फिरवून चक्कर आणली आणि आल्वारेझला गोल दिला. ती क्लिप जगभर फिरली. तरी बऱ्याच जणांच्या इलेव्हनमध्ये ग्वार्डिओल होताच. त्यांनी ती एक धाव माफ केली, कारण समोर कोण होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

मशीनचं वेगळं. हूस्कोर्डवर प्रत्येक खेळाडू ६.० पासून सुरू होतो, सोफास्कोरवर ६.५ पासून. मग पास, टॅकल, शॉट, चूक, प्रत्येक नोंदीनुसार आकडा दशांशाने वरखाली. मला हे साहजिकच जास्त आवडलं. मशीन कुणाचं आडनाव बघत नाही, मूडवर जात नाही. मी इंजिनिअर आहे, माझा विश्वास तिथे बसणार.

माझ्या शीटमध्ये मेस्सी आणि एम्बाप्पे सगळ्यांच्या इलेव्हनमध्ये होते. भांडण होतं ते पहिल्याच ओळीत, गोलकीपरच्या. क्रोएशियाचा लिवाकोविच, मोरोक्कोचा बोनो, अर्जेंटिनाचा एमिलिआनो मार्टिनेझ. तिन्ही नावं आलटून पालटून. लिवाकोविचने जपानविरुद्ध शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या, मग ब्राझीलच्या रोद्रिगोची अडवली. बोनोने स्पेनच्या दोन अडवल्या, तिसरी खांबाला लागली, आणि सेमीफायनलपर्यंत मोरोक्कोवर एकच गोल झाला होता, तोही त्यांच्याच खेळाडूचा स्वयंगोल. मार्टिनेझला फिफाने गोल्डन ग्लव्ह दिला.

मार्टिनेझची पहिली मॅच आठवते? २२ नोव्हेंबर, सौदी अरेबिया. सौदीचे सगळ्या मॅचमध्ये गोलाच्या चौकटीत फक्त दोन फटके आले आणि दोन्ही गोल झाले. म्हणजे कीपरच्या नोंदीत सेव्ह शून्य, गोल दोन. आता तो दुसरा गोल आठवा, सालेम अल-दौसरीने तीन जणांमधून वळून टॉप कॉर्नरला मारलेला. कुणाचा बाप अडवणार होता? पण साध्या मोजणीत तो आणि पायांमधून सुटलेला, दोन्ही ‘खाल्लेला गोल’. हल्ली फटका किती अवघड होता त्याचा हिशोब करणारी मापं आली आहेत, त्यात कीपरवरचा अन्याय बराच कमी होतो. पण फायनलच्या शेवटच्या मिनिटाचं काय? १२३ वं मिनिट, ३-३, कोलो मुआनी एकटा समोर, मार्टिनेझने डावा पाय पसरला. तो गोल झाला असता तर पेनल्टी नाहीत, मेस्सीचा कप नाही, काही नाही. त्याच्या खात्यात त्या सेव्हसमोर लिहिलंय: सेव्ह, एक.

हे सगळं मला डिसेंबरमध्ये कळलं होतं. जानेवारीत मी काय केलं ते सांगतो.

आमच्या भागातल्या पोरांनी वर्ल्ड कपच्या तारेत टर्फवर स्पर्धा ठेवली. आठ टीम, सहा-सहा जण, दोन गट, मग सेमीफायनल आणि फायनल, दोन रविवारांत सगळं. हजार रुपये एंट्री, जिंकणाऱ्याला ट्रॉफी आणि बूट. मी आमच्या टीमचा डिफेंडर. डिफेंडर म्हणजे ज्याला पळता येत नाही तो. आणि मी जाहीर केलं की या स्पर्धेची रेटिंग मी काढणार आणि शेवटी बेस्ट इलेव्हन निवडणार. सहा-सहाच्या खेळातून अकरा कशाला, असं कुणीतरी विचारलं. ‘बेस्ट सिक्स’ ऐकायला बरं वाटत नाही, म्हणून अकरा.

फॉर्म्युला असा: सुरुवात ६. गोल केला +१. असिस्ट +०.५. कीपरला प्रत्येक सेव्हचे +०.२, खाल्लेल्या गोलाचे -०.६. चार मॅचची सरासरी. माहिती कुठून? बाउंड्रीवर खुर्ची टाकून बसलेल्या एका दहावीतल्या पोराकडे वही होती, त्यातून. आमच्या गोलीने चार मॅचमध्ये १४ गोल खाल्ले. वहीत त्याचे सेव्ह चार. सहातून २.१ गेले, ०.२ आले. ४.१.

मला वाटलं होतं पोरं हसतील आणि विसरतील. पहिल्या अर्ध्या तासात खूप हसली. मग कुणीतरी त्याचं नाव ग्रुपमध्ये ‘फोर पॉइंट वन’ असं सेव्ह केलेला स्क्रीनशॉट टाकला. सेमीफायनल आम्ही २-५ हरलो होतो, त्या पाचव्या गोलाचा व्हिडिओ कुणीतरी गाणं लावून टाकला. त्याने त्यावर अंगठा दिला. फक्त अंगठा. पुढच्या रविवारी तो खेळायला आला नाही. शिफ्ट असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फेब्रुवारीत काकू भाजीच्या गाडीवर भेटल्या, मी विचारलं, “काय काकू, दिसत नाही हल्ली तो?” त्या म्हणाल्या, “घरीच असतो की रविवारी. झोपलेला असतो. तुमचं खेळणं बंद झालं का?”

मी म्हणालो, “नाही, चालू आहे.” आणि मेथीची जुडी उगाचच उलटीपालटी करत राहिलो.

आता एक जुनी गोष्ट मध्येच, कारण ती याच माणसाची आहे. ऑक्टोबर २०१७. भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप होता, फिफाचा, भारत पहिल्यांदाच कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमध्ये खेळत होता. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आम्ही दोघांनी भारताच्या तिन्ही मॅच त्याच्या घरी पाहिल्या. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाच्या मॅचला जीक्सन सिंगने ८२ व्या मिनिटाला हेडर मारून बरोबरी केली, वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, आम्ही गल्लीत पळत गेलो, आणि परत येईपर्यंत कोलंबियाने दुसरा मारलेला होता. एका मिनिटात. आमच्या आनंदाचं आयुष्य तेवढंच.

टीममध्ये आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. मला तो पाहायचा होता. माझा मावसभाऊ कोल्हापूरचा, पाटाकडील तालीम म्हणजे त्याच्यासाठी धर्म, तो फोनवर ओरडत होता. पण माझा मित्र तीन मॅच एकाच माणसाकडे बघत बसला: गोलकीपर धीरज सिंग मोइरांगथेम, मणिपूरचा. तीन मॅच, नऊ गोल खाल्लेले. आणि स्पर्धा संपल्यावर सगळ्या पेपरांनी, चॅनेलांनी भारताच्या संघात सगळ्यात जास्त कौतुक कुणाचं केलं असेल, तर नऊ गोल खाणाऱ्या या पोराचं. कारण बघणाऱ्यांना दिसलं होतं की ते नऊ सोळा-सतरा झाले नाहीत ते याच्यामुळे. पुढे तो चाचणीसाठी स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबकडे गेला. २०२१ मध्ये एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, तेव्हा कीपर हाच. कतारच्या अल रय्यानशी ०-०, अबुधाबीच्या अल वहदाशी ०-०. इराणच्या पर्सेपोलिसकडून हरले, पण त्या मॅचमध्ये त्याने एक पेनल्टी अडवली.

त्याच स्पर्धेची स्पेन-माली सेमीफायनल बघायला आम्ही नवी मुंबईला गेलो होतो, २५ ऑक्टोबरला, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. वाकडच्या पुलाखालून मुंबईची गाडी पकडली, नेरूळला उतरलो. माझ्या खिशात मेसच्या बिलाचे पैसे होते, त्याच्या खिशात पहिल्या पगारातले. स्पेन २-० ने पुढे होता आणि मालीच्या एका पोराने लांबून असा फटका मारला की आडव्या खांबाला लागून चेंडू आत पडला आणि बाहेर आला. आत पडला. आम्हाला स्टँडमधून वाटलं, नंतर रिप्लेत दिसलं. पंचांनी गोल दिला नाही. तिथे गोललाइनचं तंत्रज्ञान नव्हतं. मॅच स्पेनने ३-१ जिंकली, तिसरा गोल फेरान टोरेसचा, तोच जो पुढे कतारमध्ये स्पेनसाठी खेळला. परतीच्या गाडीत मी फोडेन आणि ब्रूस्टरबद्दल बोलत होतो. त्या दिवशी इंग्लंडने ब्राझीलला हरवलं होतं, तिन्ही गोल ब्रूस्टरचे. माझा मित्र खंडाळ्याच्या घाटापर्यंत एवढंच बोलत होता की स्पेनच्या कीपरला माहीत असणार, चेंडू आत होता. “कीपरला पाठ असते रे लाइन. त्याला कळतं.”

हा माणूस. याला मी लाल चौकोन दिला.

मार्चअखेर आमच्या ऑफिसचे अप्रेझल झाले. कुठल्या कंपनीत ते सोडा, सगळीकडे सारखंच असतं. पाचाच्या मापावर मला २ मिळाला. वर्षभर मी जे मॉड्यूल सांभाळत होतो ते दुसऱ्या टीमच्या जुन्या कोडवर उभं होतं, रात्री दोनला अलार्म वाजला की उठायचो मी. मॅनेजरने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि सांगितलं, तुझ्या मॉड्यूलवर वर्षात बग किती आले बघ, टीममध्ये सगळ्यात जास्त. मी म्हणालो, ते बग खालून येतात, दिसतात माझ्याकडे. तो म्हणाला, “मला माहितीये. पण शीटमध्ये त्याचा कॉलम नाही.” माणूस वाईट नव्हता. त्याच्याही वर कुणीतरी शीट घेऊन बसलं असणार. कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली बसवायचं होतं, मी बसलो.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. पप्पा पिंपरीत एका कंपनीत मशीन शॉपला बत्तीस वर्षं होते, बोरिंग मशीनवर, आता रिटायर. त्यांना अप्रेझल वगैरे समजत नाही, असं मी धरून चालतो आणि दर वेळी तोंडावर पडतो. जेवताना त्यांनी विचारलं, “रिजेक्शन कुणाच्या नावावर टाकलं? कास्टिंगच्या की मशीनिंगच्या?”

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी भाकरी बाजूला ठेवून समजावलं. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं. वरून चकाचक. मशीनवर लावलं, दोन एमएम माल काढला की आतून ब्लो होल निघायचं, धातू ओतताना अडकलेल्या हवेची पोकळी. जॉब गेला. आता ते भोक पडलंय ओतताना, पण उघडं झालं पप्पांच्या टूलखाली. म्हणून रिजेक्शनच्या रिपोर्टला दोन रकाने असायचे, सीआर आणि एमआर. कास्टिंग रिजेक्शन, मशीनिंग रिजेक्शन. नवीन आलेला सुपरवायझर घाईत सगळं एमआरमध्ये टाकायचा, की ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह कटला. “त्यावरून युनियनची किती भांडणं झाली माहितीये का तुला? फक्त दोन रकाने वेगळे ठेवा, एवढीच मागणी.”

“मग?”

“मग काय. ज्याच्या हातात सापडलं त्याचं, असं नसतं ते. आधी पीस फोडून बघायचा.” आणि त्यांनी आमटी मागितली.

त्या रात्री मी स्पर्धेचे व्हिडिओ काढले. चारही मॅच कुणीतरी जाळीमागे मोबाइल बांधून रेकॉर्ड केल्या होत्या आणि ड्राइव्हवर टाकल्या होत्या. मी स्वतः त्या कधीच पाहिल्या नव्हत्या. रेटिंग काढणाऱ्याने. दोन रात्री लागल्या. एक गोष्ट लगेच कळली की वहीवाल्या पोराने सेव्ह लिहायचे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तो गोल लिहीत होता आणि मधूनच आठवलं तर सेव्ह. वहीत चार. व्हिडिओत मी मोजले, परत मोजले, ३१. नाइट शिफ्टवाल्या रविवारचे त्यात १३. एक असा आहे की फटका दोन पायांत आपटून दिशा बदलतो आणि तो उलट बाजूला पडत असताना पायाची टाच मागे टाकून अडवतो. व्हिडिओत कुणीतरी ‘अर्रे’ म्हणतं, बस. पुढे खेळ चालू.

माझ्याच फॉर्म्युल्यात ३१ टाकले. ५.४५ आले. म्हणजे तरीही सहाच्या खाली, तरीही लाल. माहिती दुरुस्त केली तरी फॉर्म्युला त्याला नापासच करत होता, कारण १४ गोल.

मग ते १४ एकेक करून पाहिले. पीस फोडून. पाच साधे होते, त्यातले दोन अडवायला हवे होते, हे तोही मान्य करेल. उरलेले नऊ एकास एक. म्हणजे समोरचा खेळाडू चेंडू घेऊन एकटा आत आलाय आणि कीपरशिवाय कुणी नाही. नऊ वेळा कुणीतरी मधे चेंडू घालवलाय. हे ‘कुणीतरी’ मी प्रत्येक वेळी व्हिडिओ मागे नेऊन पाहिलं. दोनदा आमचा स्ट्रायकर. दोनदा कॅप्टन. पाच वेळा निळे बूट.

निळे बूट माझे होते. मी मागून पास द्यायच्या नादात, वर्ल्ड कपच्या तारेत, पायात चेंडू ठेवून मान वर करून बघत उभा राहायचो आणि कुणीतरी येऊन काढून न्यायचा. सेमीफायनलचा पाचवा गोल, ज्यावर गाणं लावलं होतं, त्यात पहिले दोन सेकंद कापलेले होते. त्या दोन सेकंदांत मी आहे.

माझी रेटिंग होती ६.२५, वरच्या दिशेने धरून ६.३. पिवळा चौकोन. चार मॅचमध्ये दोन असिस्ट. चेंडू घालवण्याचे मायनस माझ्या फॉर्म्युल्यात नव्हते. तो कॉलमच नव्हता.

मला मॅनेजरचा चेहरा आठवला आणि माझाही.

रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो जागा होता, काकूंनी पोहे केले होते. लॅपटॉप नेला होता. मनात असं होतं की शीट दाखवायची, आकडे समजवायचे, माफी मागायची. त्याने तो पाचवा गोल अख्खा पाहिला, कापलेल्या दोन सेकंदांसकट. मग म्हणाला, “मला माहितीये की. मी तिथेच होतो.”

“मग बोलला का नाहीस ग्रुपवर?”

“काय बोलू? याने बॉल घालवला म्हणून?” त्याने पोह्यांवर लिंबू पिळलं. “आमच्याकडे लाइनच्या शेवटी मी इन्स्पेक्शनला असतो. दिवसभर दुसऱ्यांची चूक माझ्या टेबलावर येते. सुटली तर माझी. संध्याकाळी पण तेच कशाला, म्हणून आलो नाय.” जरा थांबून: “आणि ते नाव सेव्ह केलं ना, ते आवडलं नाय मला.”

मी सॉरी म्हणालो. त्याने मान हलवली. माफ केलं की पोहे गरम होते म्हणून हलवली, कळलं नाही. काकू आतून म्हणाल्या, “कसली चूक रे?” आम्ही दोघंही म्हणालो, काही नाही.

ग्रुपवर मी संध्याकाळी सगळं लिहून टाकलं, व्हिडिओसकट, निळ्या बुटांसकट. फार कुणी वाचलं नाही. दोन महिन्यांपूर्वीच्या स्पर्धेत कुणाला रस असतो? तोवर आयपीएल सुरू झालं होतं. एकाने विचारलं, “म्हणजे बेस्ट इलेव्हन बदलणार का?” बदलली. त्याला कीपर म्हणून घेतलं आणि आधीचा काढला, ज्याने चार मॅचमध्ये फक्त पाच गोल खाल्ले होते. तो आधीचा कीपर चिडला. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचंही बरोबर होतं, त्याच्या पुढे चांगले डिफेंडर होते यात त्याचा काय दोष. मी त्याला दोन दिवस समजावत होतो. तो अजून मला नीट बोलत नाही.

माझ्या ऑफिसच्या २ चं पुढे काही झालं नाही. मी बगच्या यादीत एक कॉलम वाढवला, ‘कुठून आला’. मॅनेजर म्हणाला चांगली कल्पना आहे. पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये तो कॉलम नव्हता. तोवर मी दुसरीकडे अर्ज टाकले होते.

मित्र मे महिन्यात परत आला, उन्हाळ्यात रात्री दहाचा स्लॉट असतो तेव्हा. आल्या आल्या म्हणाला, आज मी पुढे खेळणार, गोलात कोण थांबतोय? कुणीच हात वर करेना. शेवटी मी थांबलो. ग्लव्ह त्याचे, घामाने आखडलेले, आतून ओलसर. मला आधी वाटलं होतं मागून सगळं मैदान दिसतं म्हणजे सोपं असेल. दिसतं खरं. चेंडू कुणाच्या पायातून निसटणार आहे ते दोन सेकंद आधी दिसतं, ओरडावंसं वाटतं, आणि ओरडेपर्यंत तो आलेला असतो. मी सात खाल्ले. त्यातले तीन त्याने चेंडू घालवल्यामुळे. स्ट्रायकर म्हणून तो अगदीच टुकार आहे.

मॅच संपल्यावर टर्फबाहेर आम्ही चहा पीत होतो. माझा मोबाइल वाजला. ग्रुपवर त्याने काळ्या बॅकग्राउंडवर एक चौकोन टाकला होता, माझं नाव आणि ६.०. पिवळा. कुणीतरी खाली विचारलं, सात खाऊन सहा कसे काय?

त्याने उत्तर टाईप केलं, “सुरुवातीचे असतात.” मग मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, ग्लव्ह दे इकडे, धुवायला टाकतो.